राजासमोर गुडघा किती वाकवायचा?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती लंडनच्या पश्चिमेला राहते आणि तिथल्या एका सरकारी रुग्णालयात चौदा वर्षं नर्स आहे. बकिंगहॅम राजवाड्याच्या बागेत उन्हाळ्यात जी चहापानं होतात, त्यातल्या एकाचं आमंत्रण तिला आलं होतं. आनंद सांगून झाला, कोणती साडी नेसायची यावर अर्धा तास गेला, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मावशी, राजा खरंच समोर आला तर मी काय करू? इथल्या बायका गुडघे वाकवतात तसं करू, की सरळ हात जोडू? आणि वाकले तर आईला काय वाटेल?"

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्याला कारण आहे. आमचे आजोबा, म्हणजे तिचे पणजोबा, बेचाळीसच्या चळवळीत सव्वा वर्ष तुरुंगात होते. तेव्हा गादीवर सहावे जॉर्ज होते. आजचे राजे तिसरे चार्ल्स हे त्यांचेच नातू. आमच्या घरात हा प्रश्न फक्त पाहुण्याघरच्या रीतीभातीचा राहत नाही.

हा गोंधळ आमच्या एकट्याच्या घरातला नाही. २०१६ मध्ये थेरेसा मे पंतप्रधान झाल्या, तेव्हा राणी एलिझाबेथसमोर त्या केवढ्या खोल वाकल्या याचे फोटो जगभर फिरले. २०२२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस नव्या राजासमोर गुडघे वाकवताना दिसल्या आणि पुन्हा तीच चर्चा झाली. आपल्याकडच्या वाहिन्यांवरही ती चित्रं दिसतात, पण ते नेमकं काय आहे, कुणी कुणाला करायचं आणि नाही केलं तर काय होतं, हे कुणी सांगत नाही. भाचीसाठी मी ते शोधून, समजून घेतलं. तेच इथे मांडते.

नेमकं करतात काय?

या अभिवादनाला इंग्रजीत कर्टसी म्हणतात. सौजन्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचंच हे बोलता बोलता झिजलेलं रूप. एक पाऊल किंचित मागे न्यायचं, दोन्ही गुडघे जरासे वाकवायचे, डोकं हलकं झुकवायचं आणि लगेच उभं राहायचं. पाठ मात्र ताठ ठेवायची. एवढंच.

पायातली चप्पल अडकवताना आपण सगळा भार दुसऱ्या पायावर टाकतो ना, तसा इथे भार पुढच्या पायावर असतो. मागच्या पायाचा फक्त चवडा टेकलेला असतो, तोल सावरायला. आणि खोली किती? बसच्या पायरीवरून उतरताना गुडघा जितका वाकतो, तितकी पुरे. सगळा प्रकार एका श्वासात आटोपतो. व्यायामशाळेत 'कर्टसी लंज' नावाचा व्यायाम करून घेतात, तो याच हालचालीचा खूप ताणलेला प्रकार आहे. तो करून ज्यांच्या मांड्या भरून आल्या असतील त्यांना कळेल की खोल वाकून हसऱ्या चेहऱ्यानं वर येणं किती कठीण आहे.

दोन्ही हातांनी घागऱ्याची टोकं धरून वाकणं आपण परीकथांच्या चित्रांत पाहतो. ते रंगमंचावरचं आहे. प्रत्यक्षात हात बाजूला सैल असतात. राजानं हात पुढे केला तर वाकता वाकताच तो हलकेच हातात घ्यायचा. आपण होऊन हात पुढे करायचा नाही. पहिल्यांदा बोलताना 'युअर मॅजेस्टी' म्हणायचं, त्यानंतर नुसतं 'सर'. राणी एलिझाबेथ होत्या तेव्हा 'मॅम' म्हणत, आणि ते 'जॅम'शी यमक जुळेल असं उच्चारा, अशी सूचना असे. निरोपाच्या वेळी पुन्हा एकदा तेच अभिवादन करायचं.

पुरुषांचं आणखी सोपं आहे. त्यांनी फक्त मान तुकवायची. कमरेतून वाकणं तिथल्या रीतीत बसत नाही. आपण नाटकातल्या दरबाऱ्यांसारखे अर्धे खाली गेलो तर ते अदबीचं नाही, अनोळखीपणाचं लक्षण वाटेल.

मुळात तो गुडघा जमिनीला टेकायचा

आजचं हे निसटतं वाकणं एका फार जड गोष्टीचा उरलेला अंश आहे. मध्ययुगीन युरोपात सरदार राजासमोर गुडघा टेकून बसे, आपले जोडलेले हात राजाच्या दोन हातांत देई आणि मी तुमचा माणूस आहे, अशी शपथ घेई. त्या शपथेवर त्याची जमीन, त्याची फौज, त्याचा जीव अवलंबून असे. दोन्ही गुडघे देवासमोर आणि एक गुडघा राजासमोर, असा त्या काळचा संकेत. तो विधी पुरता गेलेला नाही. ६ मे २०२३ ला चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात युवराज विल्यम वडिलांसमोर गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेताना साऱ्या जगानं पाहिले. 'सर' हा किताब घेणारा माणूस आजही राजवाड्यात एका छोट्या गादीच्या चौरंगावर उजवा गुडघा टेकतो आणि राजा त्याच्या खांद्यांना तलवार लावतो.

पूर्वी गुडघा वाकवणं स्त्री-पुरुष दोघांचंही होतं. सतराव्या शतकाच्या आसपास वाटा वेगळ्या झाल्या. पुरुष वरून झुकू लागले, बायका खालून वाकत राहिल्या. त्यांच्या कपड्यांकडे पाहिलं की मला हे पटतं. आतून कडक पट्ट्या घालून आवळलेली चोळी घातल्यावर कमरेत वाकणार कसं? घेरदार घागऱ्याखाली गुडघे मात्र मोकळे असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या दरबारात बायकांना कमरेभोवती चौकटी बांधून फुगवलेले घागरे घालावेच लागत. बाहेरची फॅशन बदलली तरी दरबारातली बदलली नाही. १८२० मध्ये चौथ्या जॉर्जनं ती सक्ती काढली.

मग आला मुलींना दरबारात 'सादर' करण्याचा काळ. उच्च घराण्यातली मुलगी सतरा-अठरा वर्षांची झाली की तिला राजा-राणीसमोर नेत. पांढरा पोशाख, डोक्यात शहामृगाची तीन पिसं, मागे लोळणारा लांबलचक झगा. नाव पुकारलं की पुढे जायचं, राजासमोर जवळजवळ जमिनीपर्यंत वाकायचं, उठायचं, सरकून राणीसमोर पुन्हा तसंच, आणि मग तो झगा पायात येऊ न देता, पाठ न दाखवता मागे मागे बाहेर पडायचं. हे चुकू नये म्हणून लंडनमध्ये नृत्यशिक्षिका शिकवण्या घेत. सादर झालेली मुलगी लग्नाच्या बाजारात प्रतिष्ठेची ठरे. त्या क्षणभराच्या वाकण्यावर पोरीचं पुढचं आयुष्य टांगलेलं असे, हे वाचताना मला आपल्याकडचे पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येण्याचे कार्यक्रम आठवले. १९५८ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या काळात ही प्रथा बंद झाली. राणी शार्लट यांच्या नावानं भरणाऱ्या नृत्यसमारंभात तर मुली एका भल्यामोठ्या केकसमोर वाकत, कारण शार्लट राणी कधीच्याच निवर्तल्या होत्या.

हा कायदा आहे का?

नाही. ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून दुसऱ्या कशात न मिसळता सांगते. राजघराण्याच्या अधिकृत संकेतस्थळानंच म्हटलं आहे की भेटीच्या वेळी वागण्याचे बंधनकारक नियम नाहीत. पुष्कळांना जुनी रीत पाळावीशी वाटते, त्यांच्यासाठी ती अशी अशी आहे. आणि कुणाला नुसतं हस्तांदोलन करायचं असेल तर तेही चालेल. दंड नाही, शिक्षा नाही.

मग सगळे करतात का? घरी लग्नकार्य आहे असं समजा. थोरांच्या पाया पडलंच पाहिजे असा कायदा कुठे आहे? पण कोण पडलं, कोण पडलं नाही, कोण नुसतं गुडघ्यापर्यंत हात नेऊन परतलं, हे मांडवातल्या प्रत्येकाच्या लक्षात राहतं. कर्टसीचं जवळपास तसंच आहे. राजवाडा काही बोलत नाही, बोलतात ते पाहणारे.

एक फरक मात्र समजून घ्यायला हवा. आपल्या घरात वय पाहतात. तिथे पद पाहतात. १९५२ मध्ये सहावे जॉर्ज गेले आणि पंचवीस वर्षांच्या एलिझाबेथ राणी झाल्या, तेव्हापासून रीतीप्रमाणे त्यांच्या आईनं त्यांना अभिवादन करायचं होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण आहे. कीर्तनकार पंचविशीचा पोरगा का असेना, एकदा तो नारदाच्या गादीवर उभा राहिला की सत्तरीचे आजोबा त्याच्या पाया पडतात. ते पाया पडणं गादीचं असतं. कीर्तन संपून तो ओट्यावर चहा प्यायला बसला की तोच आजोबांना 'काका' म्हणतो.

हे नीट दिसलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये. राणीचं निधन स्कॉटलंडमध्ये झालं. ११ तारखेला शवपेटी एडिंबरोच्या हॉलीरूडहाऊस राजवाड्यात नेण्यात आली. राणीची मुलगी अ‍ॅन दिवसभर शवपेटीसोबत प्रवास करून आली होती. सैनिक पेटी खांद्यावर घेऊन आत निघाले आणि काळ्या कोटातल्या, बहात्तर वर्षांच्या अ‍ॅन यांनी पाय मागे घेऊन सावकाश कर्टसी केली. मी ते चित्रण तीन वेळा पाहिलं. मुलगी आईला निरोप देत होती आणि प्रजाजन राणीला. दोन्ही एकाच हालचालीत मावलं होतं. तोवर मला हा सगळा प्रकार पोकळ वाटत असे. त्या दिवसापासून तसं सरसकट म्हणवत नाही.

न वाकलेल्यांचं काय झालं?

ऑक्टोबर २०११ मध्ये राणी ऑस्ट्रेलियात गेल्या. कॅनबेराच्या विमानतळावर गव्हर्नर-जनरल, म्हणजे राणीच्या तिथल्या प्रतिनिधी, क्वेंटिन ब्राइस यांनी गुडघे वाकवले. त्यांच्यासोबतच असलेल्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी मान किंचित तुकवली आणि हात मिळवला. गिलार्ड ऑस्ट्रेलिया प्रजासत्ताक व्हावा या मताच्या. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत गदारोळ झाला. गिलार्ड यांनी शांतपणे सांगितलं की जे सहज वाटेल ते करावं असाच सल्ला मला मिळाला होता. राणी तिथे दहा दिवस राहिल्या, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाले. दोन्ही बायकांनी आपापल्या मनाप्रमाणे केलं आणि दोन्ही बरोबर होत्या. मला हे उदाहरण फार आवडतं.

उलटं उदाहरण अमेरिकेतलं. १९८१ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स तिथे गेले, तेव्हा स्वागताला गेलेल्या लिओनोर अ‍ॅननबर्ग यांनी कर्टसी केली. त्या अमेरिकी सरकारच्या शिष्टाचार खात्याच्या प्रमुख होत्या. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. राजाशी लढून जो देश जन्माला आला, त्याचा अधिकारी परक्या युवराजासमोर वाकतोच कसा, असा सवाल होता. तिथे न वाकणं बातमी होते, इथे वाकणं बातमी झाली.

राष्ट्रप्रमुख मात्र एकमेकांसमोर वाकत नाहीत. २०११ च्या मे महिन्यात राणी आयर्लंडला गेल्या. ब्रिटिश सत्तेशी त्या देशाचं जे झालं ते आपल्याला निराळं सांगायला नको. राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी त्यांचं हात मिळवून, बरोबरीच्या नात्यानं स्वागत केलं.

विम्बल्डनचंही सांगायला हवं. सेंटर कोर्टवर येताना-जाताना खेळाडूंनी राजघराण्याच्या कक्षाकडे वळून अभिवादन करायची प्रथा होती. २००३ मध्ये क्लबचे अध्यक्ष ड्यूक ऑफ केंट यांनीच ती थांबवली. स्वतः राणी किंवा युवराज हजर असतील तरच करा, म्हणाले. राजघराण्यातल्या माणसानंच राजघराण्याचा मान कमी केला, ही गोष्ट टीकाकारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१० मध्ये राणी सामना पाहायला आल्या, तेव्हा अँडी मरे आणि यार्को निमिनेन दोघांनी मान तुकवली होती.

पण आपल्याला हे इतकं का टोचतं?

कारण वाकण्याचा आणि न वाकण्याचा इतिहास आपल्या भाषेतच भरून राहिला आहे. मान तुकवणं, कुर्निसात करणं, लोटांगण घालणं, मुजरा झडणं, कमरेत वाकणं. आणि त्यांच्यासमोर 'मोडेन पण वाकणार नाही'. यातला कुर्निसात मुघल दरबारातून आला. उजव्या हाताचा तळवा कपाळाला लावून डोकं झुकवायचं, ती कोर्निश. हाताची मागची बाजू जमिनीला टेकवून मग हळूहळू उभं राहत तळवा डोक्यावर ठेवायचा, ती तस्लीम. अकबराच्या दरबारात तर सिजदाही होता, म्हणजे कपाळ जमिनीला. तो फक्त देवाला करायचा, अशी मुसलमान धर्मपंडितांची तक्रार होती. शहाजहाननं गादीवर आल्यावर तो बंद केला.

आपण मुजरा ठेवला आणि त्याची धार काढून टाकली. कलावंत तमाशाच्या फडात प्रेक्षकांना मुजरा करते, गावची पोरं शिवजयंतीला महाराजांच्या पुतळ्याला मानाचा मुजरा करतात. कुणालाही त्यात मिंधेपणा वाटत नाही. तो आपण होऊन केलेला असतो.

बळानं करवून घेतलेल्या वाकण्याचं काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. १२ मे १६६६, आग्रा. औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराजांना मानाच्या जागेपासून दूर, मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. महाराजांनी बादशहाकडे पाठ फिरवली आणि ते रांगेतून बाहेर पडले. दरबारात सिंहासनाला पाठ दाखवणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

यानंतर अडीचशे वर्षांनी आणखी एका मराठी राजानं पाठ दाखवली, आणि त्याचा थेट संबंध या ब्रिटिश राजघराण्याशी आहे. २ डिसेंबर १९११ ला पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. त्याच आगमनाची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया उभारलं गेलं. तिथून ते दिल्लीला गेले. १२ डिसेंबरच्या दरबारात एकेका संस्थानिकानं येऊन राजासमोर तीनदा लवायचं आणि पाठ न फिरवता काही पावलं मागे जायचं, असं ठरलं होतं. पहिले हैदराबादचे निजाम गेले. दुसरे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड.

सयाजीराव म्हणजे मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातून दत्तक जाऊन गादीवर बसलेला मुलगा. १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारा, पुढे डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती देणारा राजा. त्या दिवशी ते साध्याच पोशाखात आले. एकदाच लवले, वळले आणि हातातली काठी घेऊन चालत निघून गेले. हे सगळं चित्रपटाच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. ब्रिटिश वृत्तपत्रांनी राजद्रोहाचा सूर लावला, कारण बडोद्यात राष्ट्रवादी मंडळींना थारा मिळतो असा संशय आधीपासूनच होता. सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. गोंधळलो, पुढच्यानं काय केलं ते नीट दिसलं नाही, असं कारण दिलं. ते पत्र छापूनही आलं.

हेतू होता की खरंच गोंधळ? यावर आजही दोन मतं आहेत. मला त्या पत्राचं जास्त वाईट वाटतं. एकवीस तोफांच्या सलामीचा मान असलेल्या राजाला, आपण किती वेळा वाकलो याचा हिशेब लेखी द्यावा लागला. अभिवादन सक्तीचं असलं की असं होतं. नुसतं वाकून भागत नाही, मोजून वाकावं लागतं.

"मग हे थांबवतच का नाहीत?"

हा आक्षेप भाचीच्या नवऱ्याचा. माणसानं माणसासमोर वाकणंच गैर, असं तो म्हणतो. त्याचं म्हणणं मी हलकं घेत नाही. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, चुलालोंगकोर्न राजानं १८७३ मध्ये आपल्यासमोर लोकांनी जमिनीवर पालथं पडण्याची प्रथा स्वतःच बंद केली. त्यात जुलूम आहे असंच त्याचं म्हणणं होतं. नंतरच्या काळात तिथे ती प्रथा परत आली, हेही खरं. म्हणजे रद्द केलेली लाचारी परतही येऊ शकते.

आणि ब्रिटिशांना स्वतःवर पाळी आली तेव्हा ते काय करत होते? १७९३ मध्ये ब्रिटिश राजदूत लॉर्ड मॅकार्टनी चीनच्या चिएनलुंग सम्राटाकडे गेला. तिथली रीत तीनदा गुडघे टेकून नऊदा कपाळ जमिनीला लावण्याची. मॅकार्टनीनं ठाम नकार दिला. माझ्या राजासमोर करतो तितकंच करीन, म्हणाला, आणि एक गुडघा टेकला. स्वतःच्या मानेची किंमत त्यांना पक्की ठाऊक होती, फक्त १९११ मध्ये ती दुसऱ्याच्या मानेला लावली नाही.

माझं मत विचाराल तर कर्टसी बंद करण्याची गरज नाही, ती ऐच्छिक आहे हे सर्वांना ठळकपणे कळण्याची गरज आहे. आज ते कळत नाही. आमंत्रितांपैकी कितीजणी भाचीसारख्या धास्तावत असतील!

बायकांनीच गुडघे का वाकवायचे, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर एवढंच की कारण जुन्या कपड्यांत होतं आणि ते कपडे गेले. गिलार्ड यांनी मान तुकवली तेव्हा त्यांनी पुरुषांची पद्धत वापरली, आणि काही अडलं नाही. कुणाचे गुडघे दुखत असतील, कुणी चाकाच्या खुर्चीत असेल, तर तिथे कुणी अपेक्षाही करत नाही.

भारतीय पासपोर्ट असलेल्या बाईनं काय करावं?

भाचीचा पासपोर्ट भारतीय आहे, तिच्या मुलीचा ब्रिटिश. एप्रिल १९४९ मध्ये लंडनमध्ये राष्ट्रकुलाच्या देशांचं असं ठरलं की भारत प्रजासत्ताक होणार, तरी राष्ट्रकुलात राहील, आणि ब्रिटनच्या राजाला फक्त त्या संघटनेचा प्रमुख, एकत्र असण्याचं प्रतीक म्हणून मानील. २६ जानेवारी १९५० नंतर तो आपला राजा उरला नाही. तेव्हा भाची ही राजाची प्रजा नाही, पाहुणी आहे. पाहुणीनं यजमानाच्या घरची रीत पाळली तर तो तिचा मोठेपणा. आपली रीत पाळली तरी यजमानाला राग येऊ नये.

आणि तो येतही नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या भीतीनं हस्तांदोलन बंद झालं, तेव्हा लंडनच्या एका समारंभात चार्ल्स यांनी सवयीनं हात पुढे केला, मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले. ते दृश्य आपल्याकडे सर्वांनी पाहिलं. राजवाड्याच्या चहापानाला आपापल्या देशाचा पोशाख चालतो, मग त्या पोशाखात नमस्कार शोभूनच दिसेल. मी भाचीला हेच सुचवलं: हात जोड, मान थोडी झुकव, हस. नमस्काराचं मला हे आवडतं की समोरचाही तोच करू शकतो. कर्टसी राजाला परत करता येत नाही.

तिला हेही सांगितलं की कदाचित प्रसंगच येणार नाही. एका चहापानाला सुमारे आठ हजार माणसं असतात. चार वाजता राष्ट्रगीत होतं, मग लोक दुतर्फा उभे राहतात आणि राजा त्या वाटेनं सावकाश चालत काहीजणांशी बोलतो. बाकीचे चहा आणि काकडीची सँडविचेस घेऊन घरी येतात.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, मला ते करायचंय. माझ्या वॉर्डात नव्वदीची एक आजी होती. तरुणपणी तिला एकदा राणी भेटली होती. ती मला पलंगावर बसल्या बसल्या हातांनी दाखवायची, पाय कसा मागे घ्यायचा ते. मी राजासाठी नाही गं करत." यावर माझ्याकडे काही बोलायला नव्हतं.

साडीत कसं जमवायचं?

गेल्या रविवारी तिनं व्हिडिओ कॉलवर सराव केला. स्वयंपाकघरात, ओट्यासमोर, मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून. नेसली होती मोरपंखी पैठणी. पहिल्याच खेपेला मागे गेलेल्या पायाची टाच साडीच्या काठावर पडली आणि गुडघे वाकताच निऱ्या कमरेतून ओढल्या गेल्या. पाचवारीचा मागचा घोळ जमिनीला टेकलेला असतो, पाऊल मागे सरकलं की ते थेट फॉलवरच जातं. नऊवारीत कासोटा असल्यानं हा प्रश्नच येत नाही, पण तिला नऊवारी नेसायची नव्हती.

दोन-तीन वेळा करून आम्हाला युक्ती सापडली. पाऊल सरळ मागे न्यायचं नाही. दुसऱ्या टाचेला घासत, तिरकं, अगदी वीतभर सरकवायचं, चवड्यावर. आणि वाकण्यापूर्वी पदर डाव्या हातावर घ्यायचा, नाहीतर तो पुढे येतो.

तेवढ्यात माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, माझ्यामागे येऊन उभी राहिली. भाचीनं तिला पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. पणजोबांचं नाव कुणीच काढलं नाही. बहिणीनं चष्मा लावला, माझ्या हातातला फोन स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, "सरळ उभी राहा बघू. टाच दाखव. तू साडी फारच खाली नेसलीयेस. दोन बोटं वर घे, निऱ्यांना आतून पिन लाव, आणि आता पुन्हा करून दाखव."